आयर्लंडचं कपाट

आमच्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत, मागच्या खोलीत, एक हिरवं लोखंडी कपाट होतं. वरच्या दोन फळ्यांवर नमुन्यांच्या पिशव्या आणि खालच्या तीन फळ्यांवर आयर्लंड. पंचवीसेक वर्षांपूर्वी जालन्याच्या एमआयडीसीत मी नोकरीला लागले आणि दुसऱ्याच दिवशी कोरे कागद शोधताना ते कपाट उघडलं. पुस्तकांचा एक गठ्ठा थेट माझ्या पायावर पडला. अंगठा टम्म सुजला. मी ओरडले, "इथे पुस्तकं कुणी कोंबून ठेवलीत?" आमचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "हळू बोल, बाई. समदे आयरिश हायेत. उठले की भांडतेत."

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, पण त्यांना साहेब कुणी म्हणत नसे. हमालापासून मालकापर्यंत ते सगळ्यांचे मामा. गाव जाफराबादकडचं. आठवडाभर जालन्यात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं मामींकडे गावी जायचे. उंच, किडकिडीत माणूस, खिशाला पेनाच्या जागी बी उचलायचा चिमटा. मी जालना शहरात वाढलेली, नुकतीच बी.एस्सी. झालेली, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत. ती समजूत अजूनही पुरती गेलेली नाही, असं घरचे म्हणतात.

बियाण्याच्या माणसाकडे इतके आयरिश लेखक कसे, हे विचारल्यावर मामा एका शब्दात उत्तर द्यायचे. "बटाट्यानं." परभणीला शेतकी शिकत असताना पिकांच्या रोगांच्या पुस्तकात त्यांना एक परिच्छेद भेटला होता. आयर्लंडातल्या गरिबांनी वर्षानुवर्षं बटाट्याचं एकच वाण लावलं, एका साली करपा आला आणि शेतंच्या शेतं कुजली. माणसं उपाशी मेली, उरली त्यातली कितीतरी बोटीत बसून निघून गेली. पुस्तक पुढच्या परिच्छेदात फवारणीवर गेलं. मामा मात्र तिथेच अडकले.

"बी एक, रोग एक, अन् देश खल्लास," ते म्हणायचे. "पुढं त्या मानसांचं काय झालं ते पुस्तकात न्हाई. मंग मी शोधाया निघालो."

शोधायला म्हणून ते तेव्हाच्या औरंगाबादला जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. मागितला इतिहास, दुकानदारानं हातात ठेवला कथासंग्रह. झालं! तेव्हापासून या माणसानं दुसऱ्या कुठल्या देशाचं पुस्तक हाती धरलं नाही.

दुपारी डबे सुटले की मामांचं आयर्लंड सुरू व्हायचं. लेखकांची नावं ते सांगत नसत, कारण ती बरोबर म्हणता येतील याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. त्याऐवजी त्यांनी सगळ्यांना नाती लावली होती. फार जुना, तिरकस लिहिणारा एक होता, तो 'थोरले'. त्यांचं वाचताना आधी हसू येतं आणि मग घास घशात अडकतो. नाटकं लिहिणारे ते 'मधले काका', कारण ते पाहुण्यांसारखे घरात बसून नुसते बोलतात आणि दार उघडं असलं तरी उठून जात नाहीत. कवी म्हणजे 'जावई'. त्यांच्या कवितेत चिखल असतो, शेण असतं, पण रुसवा काही जात नाही. भुतांच्या गोष्टी लिहिणारे 'शिवारातले पाव्हणे', त्यांचं पुस्तक मामा खोलीवर न्यायचे नाहीत. आणि आताच्या काळातल्या लिहिणाऱ्या बायका म्हणजे 'वहिन्या'. "दोघं जण सैपाकघरात बसतेत, च्या पितेत, कोनी काही बोलत न्हाई," मामा सांगायचे. "अन् शंभर पानं झाल्यावर आपल्याला कळतं, की घर तर कवाच मोडलं!"

मला त्यातले शिवारातले पाव्हणे आवडायचे. लाइट गेली की उगवणीच्या खोलीतला पंखा बंद पडायचा, बी रुजत घातलेल्या ओल्या कागदाच्या वळकट्यांचा वास सुटायचा, आणि शेजारच्या लोखंडाच्या कारखान्याचा धडधडाट थांबून एकदम शांत व्हायचं. तेव्हा मामा खुर्ची दाराशी ओढायचे आणि एखादी भुताची गोष्ट इंग्रजीतून बघत बघत आमच्या बोलीत सांगायचे. दलदलीत दिवा घेऊन फिरणारी बाई त्यांच्या तोंडून दुधना नदीच्या पात्रातून यायची. पळसाला पानं तीनच, हे मला शाळेत शिकवलं होतं, पण कळलं त्या दाराशी.

एकदा मी फणकाऱ्यानं विचारलं, "यांची स्वतःची भाषा होती ना? मग हे इंग्रजीत का लिहितात? लाज नाही वाटत?"

मामा डब्याचं झाकण लावत म्हणाले, "निजामाच्या टायमाला माझा बाप उर्दूत सही करायचा अन् मराठीत शिव्या द्यायचा. सही सरकारसाठी असती, शिवी आपल्यासाठी. हे लोक इतके इब्लिस, की त्यांनी सरकारच्या भाषेतच शिव्या घातल्या." मग त्यांनी मला खालच्या फळीवरची दोन पुस्तकं दाखवली. ती जुन्या भाषेतच हट्टानं लिहिणाऱ्यांची होती, आणि मामांकडे त्यांची भाषांतरं होती. ही दोन ते पुसून ठेवायचे. बाकीच्यांवर धूळ चालायची.

आता परखीबद्दल सांगायला हवं. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार, पोकळ नळी. पोतं न उसवता वरचं, मधलं, तळाचं बी बाहेर काढते, आणि त्या मूठभर बियांवर अख्ख्या पोत्याचं नशीब ठरतं. मामांनी पुस्तकांनाही हाच कायदा लावला होता. दुकानात उभं राहून सुरुवातीला एक पान, मधे एक, शेवटाकडे एक. "तीन जागी जीव असंल तर पुस्तक उचलायचं," ते म्हणायचे. मी म्हणायचे, शितावरून भाताची परीक्षा म्हणा की सरळ. तर म्हणायचे, "तसं न्हाई. ढीग जितका मोठा, तितक्या परख्या जास्त. एका पोत्याचा कायदा गोडाऊनला लावायचा नसतो." हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं, आणि नवीन पोरींना पढवलंही होतं.

बारा-तेरा वर्षं अशी गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली, स्कूटर आली. मामांच्या कानाजवळचे केस पांढरे झाले. त्या वर्षांत आम्ही किती पोती नापास केली आणि किती आयरिश पास केले याची गणती नाही. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, की मी कॉलेजात जे शिकले ते नोकरीपुरतं होतं. बाकीचं शिक्षण त्या मागच्या खोलीत झालं, हातात पोळीचा तुकडा धरून.

मामा निवृत्त व्हायच्या आधीच्या मे महिन्यात ही गोष्ट घडली. एका सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर नमुन्याची मोठी कापडी पिशवी ठेवली. आत तीन जाडजूड रजिस्टरं होती, प्रयोगशाळेतलीच, रद्द झालेली. छापील रकान्यांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर बारीक, तिरप्या अक्षरात पानंच्या पानं लिहिलेली. मामांनी कादंबरी लिहिली होती. बाहत्तरच्या दुष्काळाची, त्यांच्या गावची. कित्येक वर्षांच्या रविवारी, कुणाला न सांगता.

"मामींनी वाचली?" मी विचारलं.

"तिला वाटतं मी हापिसचं काम करून राह्यलो." ते उभेच होते. एरवी आत आल्या आल्या खुर्ची ओढणारा माणूस. "तू वाच. अन् खरं सांग, बाई. चांगलं असंल तर रिटायर झाल्यावर नीट लिव्हून काढतो, छापाया देतो. नसंल तर सोडून देतो अन् शेती पाहातो. तू सांगशील ते बराबर."

मी हो म्हटलं. मला आनंदही झाला, खोटं कशाला सांगू! पण मे महिना म्हणजे आमचा लगीनघाईचा काळ. खरिपाचं बियाणं बाहेर पडायचं असतं, रोज नमुन्यांचे ढीग. मुलीच्या शाळाप्रवेशाची कटकट, सासूबाईंचं दुखणं. कारणं हवी तेवढी देता येतील. पण खरं कारण आळस आणि घमेंड. मामा माझ्या मनात आयर्लंडचे पुजारी होते, आणि पुजारी देव घडवत नाही असं मी धरून चालले होते.

पंधरा दिवसांनी त्यांनी विचारलं नाही, नुसतं माझ्या टेबलाकडे बघितलं. मी घरी जाऊन पिशवी उघडली आणि तीन रजिस्टरांत तीन ठिकाणी परखी मारली. पहिल्याच्या सुरुवातीला, दुसऱ्याच्या मधोमध, तिसऱ्याच्या शेवटी. सुरुवातीला जाफराबादच्या शिवारात धुकं होतं आणि रिपरिप पाऊस पडत होता. दुष्काळाच्या कादंबरीत! मधे एक म्हातारा सात पानं जमिनीवर भाषण देत होता, अगदी मधल्या काकांसारखा. शेवटी नायक एसटीनं पुण्याला निघाला होता आणि लोक असे रडत होते की जणू बोट सातासमुद्रापार चालली आहे. मला हसू आलं. मी रजिस्टर मिटलं.

दुसऱ्या दिवशी डबे सुटायच्या आधी मी त्यांना सांगितलं, "मामा, बी आयर्लंडचं आहे. आपल्या मातीत नाही उगवलं."

हे वाक्य मी स्कूटरवर येताना जुळवलं होतं, आणि मला ते फार आवडलं होतं.

"बराबर," मामा म्हणाले. "बिलकुल बराबर." एखाद्याचा नमुना नापास झाला की त्याला ते ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात. मी किती वाचलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते, हेही इथे लिहून ठेवते. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला, पण दुपारभर कुठल्याच आयरिश माणसाचा विषय निघाला नाही. घरी मी माझं ते वाक्य नवऱ्याला ऐकवलं. तोही हसला.

निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. मामांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "ही गँग तुझ्या हवाली. गावाकडं उंदरं लई." निकालानंतर मी कपाटात आणून ठेवलेल्या रजिस्टरांचं विचारलं, तर म्हणाले, "राहू दे तिथंच. रद्दी जाईल तवा जाईल." गेटापर्यंत मी सोबत गेले. ते न वळता रिक्षात बसले.

पुढे फोन व्हायचे, दिवाळीला, संक्रांतीला. ते कापसाचं बोलायचे, सोयाबीनचं बोलायचे. मी एखाद्या नव्या वहिनीचं पुस्तक मिळाल्याचं सांगितलं की "वाच, वाच" म्हणायचे आणि विषय बदलायचे. मला वाटायचं, शेतीत रमले.

गेल्या वर्षी प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली आणि जुनं लोखंडी सामान भंगारात निघालं. कपाट रिकामं करून मी सगळं आयर्लंड टेम्पोनं घरी आणलं. बैठकीत खोक्यांची रांग लागली. सगळ्यात वर ती कापडी पिशवी होती. एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी पहिलं रजिस्टर घेऊन बसले. आता मुलगी मोठी झाली, वेळ आहे, एवढाच विचार.

पहिली चाळीस पानं वाईटच होती. ते मी आजही म्हणेन. धुकं, पाऊस, पुन्हा धुकं. आणि मग पाऊस थांबला. म्हणजे मामांच्या लिहिण्यातला थांबला. खडी फोडायच्या दुष्काळी कामावरच्या बाया बोलायला लागल्या आणि त्यांनी आयर्लंडला हाकलून दिलं. काय बोलल्या आहेत त्या! मुकादमाच्या मिशांची नक्कल काय, कामावर खायला मिळणाऱ्या सरकारी सुकडीला ठेवलेली नावं काय, पोट खपाटीला गेलेलं असताना एकमेकींची थट्टा काय! शंभर पानं मी उठले नाही. मग एक पान असं आलं, की मला पुढचं दिसेना. मी रजिस्टर खाली ठेवलं आणि स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. ती शिवी जालन्याची होती, इथे लिहिता येणार नाही. तीन पोती होती, एकेकात तीनशे पानं, आणि मी सबंध ढिगात तीन परख्या मारून माणसाचं आयुष्य नापास केलं होतं. नवीन पोरीनं एवढी चूक केली असती तर मी तिला दारात उभं केलं नसतं.

त्याच संध्याकाळी फोन लावला. मामींनी उचलला. "ये की बाई," त्या म्हणाल्या, "पण त्यांच्या ध्यानात राहत न्हाई आता. कवा मानूस वळखतेत, कवा न्हाई." दोन वर्षं झाली म्हणे. गेल्या दोन संक्रांतींच्या फोनवर मामा इतकं कमी का बोलले, ते मला तेव्हा समजलं.

जाफराबादपर्यंत एसटी, तिथून जीप. मांडीवर पिशवी घट्ट धरून मी कबुलीजबाब पाठ करत होते. मामा ओसरीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर सूप, सुपात सोयाबीन. हात गुंतलेले राहावेत म्हणून मामी रोज तेच सोयाबीन निवडायला देत. बोटं तशीच चपळ होती. फुटका दाणा क्षणात बाजूला.

"मामा, मी आलेय. लॅबमधली."

"या, बसा," ते म्हणाले. मला. मला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं.

मी मामींसमोर सगळं सांगून टाकलं. तीन जागी वाचलं, बाकी वाचलंच नाही, आणि तरी निकाल दिला. चुकले, मामा. ते लक्ष देऊन ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोनती वही?" मला त्यांचा राग आला. होय, राग आला! इतक्या वर्षांनी माणूस माफी मागायला येतो आणि ज्याच्याकडे मागायची तो घरी नाही. मामी आत चहा टाकायला गेल्या. मला काय करावं कळेना, म्हणून मी रजिस्टर उघडलं आणि चाळिसाव्या पानाच्या पुढून वाचायला लागले.

मामांना वाचलेलं आवडलं. बाया मुकादमाची नक्कल करायला लागल्या तेव्हा ते मोकळं हसले. "चांगला हाय हा," म्हणाले. "कोन हाय? आयरिश हाय का?"

"पुढे ऐका," मी म्हटलं.

मग ते पान आलं. घरातलं पेरणीचं बियाणं संपलेलं असतं, धाकट्या लेकरांच्या पोटात गेलेलं असतं. आई ते कुणाला कळू देत नाही. खडीच्या कामावरून येताना ती ओटीत बारीक खडी लपवून आणते, बियाण्याच्या मडक्यात भरते, आणि रोज संध्याकाळी लेकरांसमोर मडकं हलवून वाजवते. ऐका, बी आहे अजून. पाऊस आला की पेरू. थोरला मुलगा एका दुपारी घरात कुणी नसताना मडक्यात हात घालतो. तो मडकं होतं तसं झाकून ठेवतो. संध्याकाळी आई मडकं वाजवते, तेव्हा भावंडांबरोबर तोही हसतो.

सुपातला हात थांबला होता.

"परत वाचा," मामा म्हणाले.

मी परत वाचलं.

"याला कसं ठाऊक?" त्यांनी विचारलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून, आवाज उतरवून ते म्हणाले, "माझ्या मायनं असंच केल्तं. बाहत्तरला. मी हात घालून पाह्यला व्हता. हे मी जन्मात कोनाला सांगितलं न्हाई, बाई. हिलाबी न्हाई. मंग याला कोनी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलं, मामा. हे तुम्ही लिहिलंय. बघा, अक्षर तुमचं आहे."

त्यांनी रजिस्टर हातात घेतलं, पानावरून बोट फिरवलं आणि मान हलवत मला परत दिलं. "न्हाई, न्हाई. मी लिव्हत व्हतो पहिलं थोडंफार, पन ते बराबर न्हवतं. आमच्या लॅबमदी एक बाई व्हती. लई हुशार. तिनं सांगितलं, न्हाई उगवलं." ते माझ्याकडे बघून हसले, अनोळखी पाहुणीला समजावून सांगावं तसे. "तिनं समदं वाचलं व्हतं."